तीस इंचांची नळी

१९५९च्या सप्टेंबरात डेट्रॉइटच्या ड्रॅग स्ट्रिपवर एक गाडी उतरली होती. तिचे फोटो इंटरनेटवर सहज सापडतात, एकदा बघाच. प्लिमथची १९४९ सालची बिझनेस कूपे. अमेरिकेतले फिरते सेल्समन मागच्या जागेत सॅम्पलच्या बॅगा टाकून गावोगाव हिंडायचे, तसली मध्यमवर्गीय गाडी. पण ही जमिनीपासून इतकी वर उचललेली, की रस्त्यावर पाणी साचल्यावर आपण पँट खोचून चालतो तसं काहीतरी वाटतं. एक्झॉस्टच्या नळ्यांना सनईसारखी पसरट तोंडं. आणि बॉनेटच्या जागी एक अजस्र प्रकरण, ड्रायव्हरला पुढचं काही दिसत असेल का अशी शंका यावी इतकं उंच.

गाडीचं नाव होतं 'हाय अँड मायटी'. सुंदर कुणीच म्हणणार नाही. पण तिच्यातली एकही गोष्ट दिसण्यासाठी केलेली नव्हती. गाडी उंच, कारण वजनाचा मध्य वर गेला की सुटताना जास्त भार मागच्या टायरांवर जातो आणि ते घसरत नाहीत. एक्झॉस्ट तसे, कारण धुराच्या लाटा हव्या त्या वेळी परत याव्यात. आणि बॉनेटमधून वर आलेलं ते प्रकरण म्हणजे घरी बनवलेला इनटेक मॅनिफोल्ड. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

त्याच्या नळ्यांमध्ये मधे मधे रबरी होजचे तुकडे घातले होते. रेडिएटरला असतो तसला साधा होज. हे जुगाड वाटेल, पण त्या होजमुळे नळीची लांबी बदलता येत होती. आज एवढी ठेवा, उद्या दोन इंच कमी करा, पळवून बघा, वेळ लिहून ठेवा. गाडी बनवणारे सगळे क्रायस्लर कंपनीतले तरुण इंजिनिअर होते. दिवसा कंपनीत काम आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी हे. पैसे आपापसांत वर्गणी काढून. त्यांच्या क्लबचं नाव रॅमचार्जर्स.

मी स्वतः मेकॅनिकलचा. म्हणजे डिग्रीने. गेली सहा वर्षं हिंजवडीत बसून सर्व्हरच्या लेटन्सीवर काम करतो, आमच्या बॅचच्या निम्म्या लोकांची हीच कथा आहे. कॉलेजात असताना आमची फॉर्म्युला स्टुडंटची टीम होती आणि माझ्याकडे इनटेक होता. त्या स्पर्धेचा एक मजेदार नियम आहे: इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक. इंजिन कितीही दमदार लावा, श्वास तेवढाच. त्यामुळे भोकाच्या पलीकडची डबी किती मोठी आणि तिथून सिलिंडरपर्यंतची नळी किती लांब, यावर रात्री जागवल्या जातात. तेव्हा वाचताना हे रॅमचार्जर्स सापडले आणि नंतर कधी डोक्यातून गेलेच नाहीत.

आधी इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे काय ते उरकून घेऊ. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटलमधून हवा आत येते, ती वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये वाटून देणारा फाटे फुटलेला पाइप म्हणजे मॅनिफोल्ड. फाट्याला रनर म्हणतात, आणि जिथून फाटे फुटतात त्या डबीला प्लेनम. बराच काळ मॅनिफोल्डकडे नळाच्या पाइपासारखंच बघितलं जायचं. हवा न्यायची, अडथळा कमी ठेवायचा, शक्य तितका आखूड आणि रुंद करायचा, संपलं. आजही गल्लीतला 'परफॉर्मन्स' मेकॅनिक तुम्हाला हेच सांगेल.

अडचण अशी की हवा पाण्यासारखी सलग वाहत नसते. फोर स्ट्रोक इंजिन २,८०० आरपीएमला फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व मिनिटाला १,४०० वेळा उघडतो आणि मिटतो. सेकंदाला २३ वेळा. दर वेळी नळीतली हवा धावायला लागते आणि तोंडावर दार आपटलं जातं. धावत्या हवेलाही वजन आहे, गती आहे. दादरला एसी लोकलचं दार मिटायच्या शेवटच्या दोन सेकंदांत मागून येणारी गर्दी आणखी चार माणसं आत कोंबते ना, तसंच दार मिटायच्या क्षणी मागून रेटा आला तर सिलिंडरमध्ये त्याच्या मापापेक्षा जास्त हवा भरता येते. टर्बो नको, सुपरचार्जर नको. रेटा फक्त वेळेवर यायला हवा.

तो येतो आवाजाच्या रूपाने. पिस्टन खाली जाताना नळीच्या तोंडाशी हवा विरळ होते. ही विरळपणाची लाट नळीतून उलटी, वरच्या दिशेने आवाजाच्या वेगाने निघते. प्लेनमच्या मोकळ्या जागेत पोचली की ती परावर्तित होते, आणि मोकळ्या तोंडावरून परततांना तिचं चिन्ह पालटतं. गेली ती विरळ, आली ती दाट. ही दाट लाट व्हॉल्व उघडा असताना पोचली तर फायदा. उशिरा पोचली तर मिटलेल्या दारावर डोकं आपटून परत. थोडक्यात नळी हे एक वाद्य आहे आणि इंजिन ते फुंकतंय. बासरीत भोकाची जागा बदलली की स्वर बदलतो, इथे लांबी बदलली की कुठल्या आरपीएमला इंजिन जोर दाखवेल ते बदलतं.

हे काही क्रायस्लरवाल्यांनी शोधलेलं नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमणारा आवाज कुठून येतो, याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३च्या आपल्या ध्वनीवरच्या ग्रंथात लोकांपुढे आणलं होतं. पोटातली हवा ही स्प्रिंग आणि मानेतली हवा हे वजन. सिलिंडर आणि रनर यांचंही तेच नातं. १९२४मध्ये अमेरिकेतल्या नाका या विमानसंशोधन संस्थेने (नासाची आई म्हणा) लांब इनटेक पाइप लावून सिलिंडरमधला दाब वाढवण्याचे प्रयोग छापले होते. १९५४च्या मर्सिडीझ ३०० एसएलमध्येही लांब, मापून कापलेल्या नळ्या होत्या. पंखासारखी वर उघडणारी दारं असलेली ती प्रसिद्ध गाडी. दारांचं कौतुक सगळ्यांनी केलं, नळ्यांकडे कोण बघतो. त्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, म्हणजे नळीतून फक्त हवा जायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर ज्ञान होतं. पण छापील प्रबंधातलं ज्ञान आणि होजचा तुकडा कापून घड्याळ लावून बघणं यात फरक आहे.

आता क्लब मुळात का निघाला तेही सांगायला हवं. १९५५च्या ल माँ शर्यतीत एक मर्सिडीझ प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. जगभर शर्यतींविरुद्ध वातावरण तापलं. १९५७च्या जूनमध्ये अमेरिकन कारउत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की आम्ही शर्यतींमध्ये भाग घेणार नाही, मदत करणार नाही, जाहिरातीत वेग मिरवणार नाही. म्हणजे डेट्रॉइटमधल्या तरुण इंजिनिअरांपुढचा एक दरवाजा बंद. त्यातले बरेच जण क्रायस्लरच्या स्वतःच्या संस्थेत मास्टर्स करत करत कंपनीत काम शिकणारे. टॉम हूवर तर भौतिकशास्त्राचा, पेनसिल्व्हेनियातून एमएससी करून आलेला. या मंडळींनी १९५८मध्ये क्लब काढला. कंपनीला ठराव मोडायचा नव्हता आणि यांना थांबायचं नव्हतं.

इथे मला एक गोष्ट टोचते. कंपनीने नाही म्हटलेलं काम इंजिनिअरांनी स्वतःच्या खिशातून केलं, आणि ते जमतंय असं दिसल्यावर कंपनीने ते आपल्या गाड्यांत वापरलं. आजच्या भाषेत वीकेंडचा साइड प्रोजेक्ट कंपनीच्या रोडमॅपवर गेला. आमच्याकडे यावर कँटीनमध्ये तासन्‌तास वाद होतील: कोड कुणाचा, वेळ कुणाचा, क्रेडिट कुणाचं. त्या पोरांनी असा वाद घातल्याचं फारसं वाचायला मिळत नाही. बहुधा गाडी पळते आहे एवढं त्यांना पुरत असावं. मला ते पुरलं असतं की नाही, सांगता येत नाही.

अर्थात सगळा मार्ग क्लबमधून कंपनीकडेच जात होता असं नाही. कंपनीच्या प्रयोगशाळेतही लांब नळ्यांवर अधिकृत काम सुरू होतं, आणि ते १९६०मध्ये क्रायस्लर ३००एफ या गाडीत बाजारात आलं. या गाडीचं बॉनेट उघडलं की पहिली प्रतिक्रिया 'हे काय आहे?' अशीच होते. इंजिन व्ही-८, ४१३ क्युबिक इंच, म्हणजे जवळपास ६.८ लिटर. एरवी कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर मधोमध बसतो. इथे दोन कार्ब्युरेटर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, पार मडगार्डच्या जवळ ढकललेले. डावीकडचा कार्ब्युरेटर उजव्या बाजूच्या चार सिलिंडरना हवा देतो, उजवीकडचा डाव्या. मधे आठ नळ्या इंजिनावरून एकमेकींना ओलांडून जातात, हाताची घडी घालून कुणी बसावं तशा. एवढा वळसा कशाला? तर नळी तीस इंच लांब हवी होती आणि ती मावायला दुसरी जागाच नव्हती.

तीसच का? क्रायस्लरच्या या मॅनिफोल्डबरोबर एक सूत्र कायम सांगितलं जातं: इंजिनाचे आरपीएम गुणिले नळीची इंचातली लांबी बरोबर ८४,०००. २,८०० आरपीएमला जोर हवा असेल तर ८४,००० भागिले २,८००, उत्तर तीस.

हा ८४,०००चा आकडा आला कुठून, हे मला समजून घ्यायचं होतं. करून बघा, कॅल्क्युलेटर पुरतो. तीस इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर, जाऊन-येऊन १५२. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर लाटेला परतायला ४.४ मिलिसेकंद लागतात. (सर्व्हरवाल्यांनो, हा नळीचा पिंग.) २,८०० आरपीएमला एक फेरा २१.४ मिलिसेकंदांचा. म्हणजे लाट जाऊन येईपर्यंत क्रँकशाफ्ट साधारण ७५ अंश फिरतो. पिस्टन सगळ्यात वेगाने खाली जात असतो तो वरून ७५ अंशांच्या आसपास, तिथेच सगळ्यात जोरकस लाट निघते. आणखी ७५ अंशांनी, पिस्टन तळाला टेकायच्या जरा आधी, ती दाट होऊन परत येते आणि व्हॉल्व मिटेपर्यंत हवा रेटत राहते. सूत्रातला गुणाकार स्थिर आहे याचा अर्थ एवढाच, की आरपीएम कोणतेही असोत, हा ७५ अंशांचा हिशेब बदलायचा नाही. मला हे स्वतःच्या वहीवर सुटलं तेव्हा झालेला आनंद पहिल्या पगाराच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

आता गंमत बघा. आदल्या वर्षीच्या ३००ई मॉडेलमध्ये हेच ४१३चं इंजिन होतं, साध्या मॅनिफोल्डसह. ताकद ३८० हॉर्सपॉवर आणि टॉर्क ४५० पाउंड-फूट, तोही ३,६०० आरपीएमला. ३००एफमध्ये ताकद ३७५. म्हणजे पाचने कमी! शोरूममध्ये सेल्समनने काय सांगितलं असेल देव जाणे. पण टॉर्क ४५०वरून ४९५वर गेला, आणि तो मिळायला लागला २,८०० आरपीएमला. आपल्या मापात ६१० न्यूटन-मीटरचे ६७१ झाले, आणि हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिन नेमकं जिथे असतं तिथेच झाले. ब्रोशरमधल्या मोठ्या आकड्यावर भाळणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा. हॉर्सपॉवर लोक गप्पांमध्ये वापरतात, गाडी चालवताना पायाखाली येतो तो टॉर्क.

फुकट मात्र काही नसतं. रेव्ह वाढले की तीस इंचांची नळी गळा आवळते. ५,६०० आरपीएमला तेच ४.४ मिलिसेकंद म्हणजे दीडशे अंश. लाट येते तोवर व्हॉल्व मिटायच्या बेतात. तिथे पंधरा इंचांची नळी हवी (८४,००० भागिले ५,६००, पंधरा). शर्यतीसाठी मोजक्या ३००एफ गाड्यांना तशी नळी दिली गेली आणि ताकद ४००वर पोचली. पण कार्ब्युरेटर तर तिकडे मडगार्डला टेकलेला, नळी अर्धी कशी करायची? त्यांनी बाहेरून काहीच बदललं नाही. शेजारच्या नळ्यांमधली आतली भिंत अर्ध्या लांबीपर्यंत काढून टाकली. भिंत संपते तिथे हवेला मोकळी जागा सापडते आणि लाटेच्या दृष्टीने नळी तिथेच संपते. बाहेरून तीस, आतून पंधरा. मला विचाराल तर या संपूर्ण कथेतली सगळ्यात देखणी गोष्ट ही आहे, कारण काही जोडलं नाही, एक भिंत तेवढी काढली. १९६०च्या डेटोनाच्या 'फ्लाइंग माइल'मध्ये अशा ३००एफने ताशी १४४.९ मैलांची नोंद केली. चालक होता ग्रेग झीग्लर. २३३ किलोमीटर, आणि ही सहा माणसं बसतील एवढ्या आकाराची गाडी.

वापरणाऱ्यांना त्रासही झाला. मर्सिडीझमध्ये नळीतून कोरडी हवा जायची हे वर सांगितलं. इथे कार्ब्युरेटर नळीच्या त्या टोकाला, म्हणजे पेट्रोलच्या थेंबांना हवेबरोबर तीस इंच प्रवास. थंडीत ते भिंतींवर चिकटून बसतात. दोन कार्ब्युरेटर एका सुरात ठेवणं ही मेकॅनिकची वेगळी डोकेदुखी. शिवाय मॅनिफोल्डच्या पसाऱ्याखाली स्पार्क प्लगपर्यंत हात घालणं म्हणजे शिक्षा. क्रायस्लरने हाच प्रकार त्या वर्षी डॉज आणि प्लिमथमध्येही दिला. प्लिमथच्या जाहिरातवाल्यांनी त्याला 'सोनोरॅमिक कमांडो' असं भन्नाट नाव ठेवलं. नावात भडकपणा असला तरी त्यातला 'सोनो' खरा होता, ही नळी आवाजावरच चालायची.

याच वर्षी एक छोटी गाडीही चमकली, तिची आठवण कमी निघते. क्रायस्लरची व्हॅलियंट. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन ३० अंश कलतं बसवलेलं. कल दिला तो बॉनेट बुटकं राहावं म्हणून, पण त्यामुळे एका बाजूला ऐसपैस जागा मोकळी झाली. तिथे लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड सुखाने बसला. 'हायपर पॅक' नावाने हा संच निघाला आणि १०१ हॉर्सपॉवरचं इंजिन १४८ला गेलं. त्यात मॅनिफोल्डबरोबर मोठा कार्ब्युरेटर, वेगळा कॅम, जास्त कॉम्प्रेशन यांचाही वाटा होता, सगळं श्रेय नळ्यांना देऊ नये. १९६०च्या जानेवारीअखेर डेटोनाला छोट्या गाड्यांची शर्यत झाली. व्हॅलियंट पहिल्या सात क्रमांकांवर आल्या. नास्कारने ही छोट्या गाड्यांची शर्यत पुढे गुंडाळली. सातही नंबर एकाच गाडीचे असतील तर तिकीट काढून कोण येणार?

या प्लिमथ, डॉज, डीसोटो आपल्याला परक्या नाहीत. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती क्रायस्लरशी करार करूनच, आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. 'हाय अँड मायटी' ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातल्या गाड्या लालबहादूर शास्त्री मार्गावर नटबोल्ट आवळून बाहेर पडत होत्या. मला कधी कधी वाटतं, त्या कारखान्यातही एखादा व्हीजेटीआयमधून बाहेर पडलेला पोरगा असेल, ज्याला मॅनिफोल्ड कापून बघावासा वाटला असेल. पण सुटे भाग जहाजातून यायचे, परकीय चलन मोजून मिळायचं. १९५३मध्ये सरकारने सांगितलं की ज्यांचा इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. प्रीमियर राहिली, फियाटकडे वळली, आणि पुढे आपल्याला पद्मिनी मिळाली. पाच-दहा इंजिनं प्रयोगापायी वाया घालवणं ही चैन फक्त पैशाची नसते, आजूबाजूला भंगाराचे ढीग असावे लागतात. त्या पोरांची ती प्लिमथ दहा वर्षं जुनी होती आणि हेमी इंजिनही वापरलेल्या बाजारातलं. अमेरिकेकडे प्रतिभेइतकंच भंगार मुबलक होतं.

१९६१ला लिन टाउनसेंड क्रायस्लरचा अध्यक्ष झाला. त्याच्या मुलांनी त्याला सांगितलं की आपल्या गाड्यांना वुडवर्ड अॅव्हेन्यूवर कुणी विचारत नाही, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, १९५७च्या ठरावाचं सोवळं तोवर सगळ्याच कंपन्यांनी सोडायला घेतलं होतं. हूवर आणि मंडळींना कंपनीने अधिकृत काम दिलं. १९६२मध्ये ४१३चं 'मॅक्स वेज' आलं. पंधरा इंचांच्या आखूड नळ्या, आडव्यातिडव्या, अॅल्युमिनियमच्या, ४१० आणि ४२० हॉर्सपॉवर. मग १९६४ला ४२६चं हेमी. त्याचा जोर सिलिंडर हेडच्या गोल घुमटात आणि मोठ्या व्हॉल्वमध्ये होता, आणि नास्कारच्या गाड्यांना एकच कार्ब्युरेटर असायचा. पण विचार तोच, इंजिनाला श्वास द्या. डेटोना ५००च्या पात्रता फेरीत १९६३ला पोल मिळवून देणारा वेग ताशी १६०.९ मैल होता. १९६४ला तो १७४.९ झाला. शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक हेमी लावलेल्या प्लिमथना मिळाले: रिचर्ड पेटी, जिमी पार्ड्यू, पॉल गोल्डस्मिथ.

इथवरची गोष्ट सांगताना माझ्यासारख्यांचे डोळे चमकतात. एका वर्षात चौदा मैल! पण टायर तेच होते, पेट्रोलच्या टाक्या त्याच होत्या, भिंती त्याच. १९६४च्या जानेवारीत रिव्हरसाइडला जो वेदरली गेला. मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची फोर्ड उलटून पेटली, तो जुलैत गेला. त्या गाड्यांत हेमी नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. वेग सगळ्यांचाच वाढला होता. पण २२ सप्टेंबरला शार्लटलाच टायरची चाचणी घेताना टायर फुटून जो गेला तो जिमी पार्ड्यू, डेटोनाचा दुसरा क्रमांक, प्लिमथमध्ये. नंतर टायरच्या आत दुसरं अस्तर आलं, टाकीच्या आत रबरी पिशवी आली.

नास्कारने १९६५साठी हेमीवर बंदी घातली. क्रायस्लरने चिडून शर्यतींवर बहिष्कार टाकला आणि रिचर्ड पेटी हेमी लावलेली बाराकुडा घेऊन ड्रॅग रेसिंगकडे वळला. त्या फेब्रुवारीत जॉर्जियातल्या एका स्ट्रिपवर त्याची गाडी मार्ग सोडून प्रेक्षकांत गेली. आठ वर्षांचा एक मुलगा गेला.

इंजिनिअर म्हणून यातलं किती आपल्या अंगावर घ्यायचं? नळीची लांबी काढणाऱ्याने टायर बनवलेला नसतो, कुंपणही उभारलेलं नसतं. आमच्या क्षेत्रात हे वाक्य रोज ऐकू येतं: माझं मॉड्युल बरोबर चाललंय. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि मॅनिफोल्डला हात लावू नये असंही वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितलं, की नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येणार नाही. रात्री दोन वाजता फटाके फोडणारे सायलेन्सर ऐकले की माझंही मत न्यायालयाच्या बाजूने जातं. शहरोशहरी पोलीस त्या सायलेन्सरवर रोलर फिरवतात, फिरवू देत. वाईट एवढंच वाटतं की रस्ता सोडून हे करून बघायला जागाही नाही. डेट्रॉइटच्या पोरांना पाव मैलाची एक पट्टी होती. कॉलेजच्या स्पर्धा सोडल्या तर आपल्याकडे बावीस वर्षांच्या मुलाने नळी कापून, घड्याळ लावून, चूक की बरोबर हे बघायचं कुठे?

लांब की आखूड हा झगडा पुढे तंत्रज्ञानाने मिटवला. इंजेक्शन आलं आणि नळी कोरडी झाली. मग एकाच मॅनिफोल्डमध्ये दोन लांब्यांच्या वाटा आणि मधे एक फडकी, कमी रेव्हला लांब वाट, जास्तीला आखूड. २००१च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजच्या व्ही-८मध्ये तर लांबी सलग बदलायची. आज टर्बोच हवा कोंबतो, त्यामुळे नळीचं कौतुक कमी झालं. फॉर्म्युला वनने २००६मध्ये लांबी बदलणाऱ्या नळ्यांवर बंदीच आणली.

मला त्यातली सगळ्यात आवडती १९९१ची माझदा ७८७बी. चार रोटरचं इंजिन, पिस्टन नाहीच, आणि इनटेकच्या नळ्या दुर्बिणीसारख्या सरकणाऱ्या. रेव्ह वाढत जातात तसतशा नळ्या आखूड होतात, उतरतात तशा लांब. होजचे तुकडे कापून ते लोक शनिवारी जे करायचे, ते ही गाडी धावता धावता करते. त्या वर्षीची ल माँ तिने जिंकली, जिंकणारी पहिली जपानी गाडी. ऑनबोर्ड व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. हेडफोन लावा आणि आवाज आधी थोडा कमी ठेवा.